प्रबंध बिस्किटापाशी का थांबतो?



सातारा-सांगलीकडून फूड सायन्स किंवा न्यूट्रिशनच्या एम.एस्सी.ला जाणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "डेझर्टेशनला विषय कुठला घेऊ?" त्याचं उत्तरही जवळपास ठरलेलं आहे. तुमच्या भागात काय पिकतं ते बघा, त्याची पावडर करा आणि बिस्किटात घाला. तासगावचा विद्यार्थी असेल तर बेदाणा, सांगलीचा असेल तर हळद, महाबळेश्वरची मुलगी असेल तर स्ट्रॉबेरी, कोरेगावची असेल तर घेवडा. बिस्किटाऐवजी कधी लाडू, कधी नूडल्स, कधी प्रीमिक्स.

आज या ठरलेल्या प्रबंधाचं परीक्षण करायचं आहे. कुणा एका विद्यार्थ्याचा किंवा विभागाचा प्रबंध समोर ठेवलेला नाही. बोलायचंय ते साच्याबद्दल, कारण तुम्ही संशोधनात पाऊल टाकाल तेव्हा हाच साचा पहिल्यांदा तुमच्या हातात दिला जाईल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा प्रबंध "हा पदार्थ करता येतो का?" या प्रश्नाचं उत्तर देतो आणि शीर्षकात मात्र "यातून पोषण होतं" असा दावा करतो. या दोन्हींच्या मध्ये जे अंतर आहे, तेच खरं तर आपल्या पदवीचा विषय आहे.

साचा कसा असतो?

एक काल्पनिक शीर्षक घेऊ: "बेदाणा पावडरयुक्त लोहसमृद्ध ज्वारी बिस्किटांची निर्मिती व गुणवत्ता मूल्यमापन". पहिल्या प्रकरणात रक्तक्षयाची आकडेवारी येते. मग टी-झिरो हे कंट्रोल, टी-वनमध्ये ५ टक्के पावडर, टी-टूमध्ये १० टक्के, टी-थ्रीमध्ये १५ टक्के. विभागातल्या दहाबारा जणांना बिस्किटं चाखायला देऊन नऊ गुणांच्या हेडोनिक स्केलवर गुण घ्यायचे. बहुतेक वेळा मधलं कुठलंतरी प्रमाण जिंकतं. मग त्याचं प्रॉक्सिमेट ॲनालिसिस, महिना-दोन महिन्यांचा स्टोरेज स्टडी, आणि शेवटी निष्कर्ष: हे बिस्किट रक्तक्षयावर उपयुक्त ठरू शकते.

आता एकेक पायरी तपासू.

पायरी पहिली: आकडा किती मोठा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) तो ५४.२ टक्के झाला. म्हणजे प्रस्तावनेत लिहिलेली अडचण अगदी खरी आहे आणि ती वाढलेली आहे. म्हणूनच त्यापुढचा दावा जपून करायला हवा.

एक साधं गणित करू. समजा तुमच्या बेदाणा पावडरीत १०० ग्रॅमला ४ मिलिग्रॅम लोह आहे. बिस्किटात ती १० टक्के घातली, तर १०० ग्रॅम बिस्किटात बेदाण्यामुळे आलेलं लोह झालं ०.४ मिलिग्रॅम. आयसीएमआर-एनआयएनने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. त्याच्या तुलनेत ०.४ म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. तेवढ्यासाठी तिने १०० ग्रॅम बिस्किटं खायची, त्यातल्या साखर-तुपासकट.

भारतात अन्नपदार्थांवर केलेल्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. एखादा घन पदार्थ एखाद्या खनिजाचा "स्रोत" आहे असं लेबलवर म्हणायचं, तर १०० ग्रॅममधून शिफारशीच्या किमान १५ टक्के इतकं ते खनिज मिळायला हवं. २९ च्या हिशोबाने हे ४.३५ मिलिग्रॅम होतात. आपल्या बिस्किटात ज्वारीचं स्वतःचं लोह आहे, तेही मोजायला हवं हे मान्य. पण ते तर टी-झिरोमध्येही होतंच की! मग बेदाण्याने नेमकं काय केलं?

हे गणित पाच मिनिटांचं आहे आणि ते विषय नक्की करायच्या आधी करायचं असतं. गंमत म्हणजे व्हायवाला परीक्षक हेच विचारतात, आणि तेव्हा बिस्किटं भाजून झालेली असतात.

पायरी दुसरी: राख म्हणजे लोह नव्हे

प्रॉक्सिमेट ॲनालिसिसमध्ये ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि राख मोजतात. कार्बोहायड्रेट बहुतेक वेळा मोजतच नाहीत; शंभरातून बाकी सगळं वजा करतात. त्यामुळे इतर सगळ्या मोजमापांतल्या चुका गुपचूप त्या एका आकड्यात जाऊन बसतात. प्रथिनंही थेट मोजलेली नसतात. केल्डालच्या पद्धतीने नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणलेलं असतं.

आपल्या साच्यात पुढे असं वाक्य येतं: "पावडरीचं प्रमाण वाढवल्यावर राख वाढली, म्हणजे खनिजं वाढली." बेदाण्याच्या खनिजांत मोठा वाटा पोटॅशियमचा असतो. राख वाढली म्हणून लोह वाढलं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

बरं, ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर लोह थेट मोजलं तरी एक खोच राहते. आपल्याकडे द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या रॅकवर पंधराएक दिवस सुकवतात. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागातले शेड उघड्या माळावर असतात आणि वारं सुटलं की धूळ येतेच. मातीत लोह असतं. दळताना यंत्राचंही थोडं लोह पिठात उतरतं. मशीन हे सगळं एकत्र मोजतं. आकडा वाढतो, पण मातीतलं लोह शरीराला फारसं घेता येत नाही. नमुना धुऊन आणि न धुता, दोन्ही प्रकारे मोजलाय असा तक्ता दिसला की समजावं, या विद्यार्थ्याने विचार केलाय.

पायरी तिसरी: पोटात गेल्यावर काय?

ही माझी मुख्य तक्रार. साच्यातला प्रबंध पदार्थ तोंडापर्यंत पोचवतो आणि तिथेच थांबतो.

धान्य, कडधान्य, फळं यांतलं लोह नॉन-हीम प्रकारचं असतं. त्यातलं किती शोषलं जाईल हे त्याच घासात आणखी काय आहे यावर ठरतं. फायटेट आणि चहातली टॅनिन्स त्याला अडवून धरतात, क जीवनसत्त्व त्याला मोकळं करतं. अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या संशोधकांनी २००३ मध्ये बेदाण्यांवर नेमकं हेच तपासलं. बेदाणे प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या पचवून आतड्याच्या पेशींसारख्या वागणाऱ्या काको-टू पेशींना दिले. पेशींना त्यातलं लोह फारसं घेता आलं नाही, आणि त्याचं कारण म्हणून बेदाण्यातल्या पॉलिफेनॉल्सकडे बोट दाखवलं गेलं. हा पेशींवरचा प्रयोग आहे, माणसांवरचा नाही, हे लक्षात ठेवा. तरी "बेदाणे खा, रक्त वाढेल" हे आजीचं वाक्य प्रबंधाच्या निष्कर्षात जसंच्या तसं टाकण्याआधी थांबायला एवढं पुरेसं आहे.

विरोधाभास बघा. तोच प्रबंध दोन पानं पुढे "पॉलिफेनॉल्स वाढल्यामुळे अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली" म्हणून आनंद व्यक्त करतो. एकाच बिस्किटात लोहही हवं आणि लोहाला अडवणारी पॉलिफेनॉल्सही हवीत, आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून कुणी एकमेकांशी बोलायला लावत नाही.

हळदीचंही असंच होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे "गोल्डन मिल्क प्रीमिक्स" हा विषय आपल्याकडे जोरात आहे. कर्क्युमिन हा हळदीचा साधारण तीन टक्के भाग. एक चमचा, म्हणजे समजा ३ ग्रॅम हळद घेतली, तर कर्क्युमिन झालं ९० मिलिग्रॅमच्या आसपास. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या गटाने १९९८ मध्ये माणसांना तब्बल २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडलं किंवा सापडलंच नाही. सोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक दिल्यावर जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. प्रबंधांत हा २००० टक्क्यांचा आकडा हमखास असतो. तो कशाच्या तुलनेत आहे, हे मात्र लिहिलेलं नसतं. जवळजवळ शून्याला वीसपट केलं तरी हातात थोडंच येतं.

पायरी चौथी: चाखणारे कोण?

नऊ गुणांचं हेडोनिक स्केल अमेरिकन लष्कराच्या अन्नसंशोधन संस्थेत तयार झालं. सैनिकांना कोणतं जेवण आवडतं हे मोजायला. पेरियम आणि पिलग्रिम यांनी १९५७ मध्ये त्यावर लिहिलेला लेख आजही सगळे उद्धृत करतात. हे स्केल आवड मोजतं. आवड मोजायची तर सामान्य खाणारे हवेत आणि ते भरपूर हवेत, शंभराच्या आसपास असले तर उत्तम.

साच्यात मात्र "दहा सदस्यांचं सेमी-ट्रेन्ड पॅनेल" असतं. प्रशिक्षित पॅनेल घ्यायचं ते कडकपणा, कडवटपणा, वास अशा गुणांचं वर्णन करायला. आवड विचारायला प्रशिक्षण लागत नाही, उलट ते आड येतं. शिवाय हे दहा जण म्हणजे गाईड, लॅब असिस्टंट आणि वर्गातली मुलंमुली. मैत्रिणीच्या बिस्किटाला चार गुण कोण देणार? प्रस्तावनेत जतच्या रक्तक्षयी किशोरी असतात आणि चाखायला विभागातले प्राध्यापक. ज्यांच्यासाठी पदार्थ केला त्यांना तो आवडतो का, हे कळतच नाही.

पण हे का होतं?

विद्यार्थी आळशी असतात म्हणून होतं, असं मला वाटत नाही. कारण अभ्यासक्रमांच्या रचनेत आहे. आपल्याकडे अन्नशास्त्र एका दारात आणि पोषणशास्त्र दुसऱ्या दारात. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातले. तिथे फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजीचा विभाग आहे. परभणीला कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे. म्हैसूरला सीएफटीआरआय. पोषणशास्त्र मात्र होम सायन्सच्या परंपरेतून, मुंबईच्या एसएनडीटीसारख्या ठिकाणी वाढलं, आणि त्याची राष्ट्रीय संस्था हैदराबादला, एनआयएन. एका दारातून आलेल्याला प्रक्रिया कळते, दुसऱ्या दारातून आलेल्याला शरीर. प्रबंधासाठी हातात एक सेमिस्टर असतं, आणि कडेला बसलेला परीक्षक विचारतो, "प्रॉडक्ट कुठंय?"

आणखी एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रॉडक्टचं काम हलकं नाही. बेदाणा शेडवर असताना अवकाळी पाऊस झाला की माल काळा पडतो आणि सौद्यात दर पडतो. त्या मालाचं काहीतरी टिकाऊ करून दाखवलं तर ते शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचं आहे. अशा कामातून हात तयार होतो, नोकरीही मिळते. माझा आक्षेप कामाला नाही, नावाला आहे. प्रक्रियेचं काम असेल तर प्रक्रियेचेच प्रश्न विचारा: वॉटर ॲक्टिव्हिटी किती, गंधकाच्या धुरीमुळे उरलेला सल्फर डायऑक्साइड किती, किलोमागे खर्च किती. शीर्षकात "लोहसमृद्ध" लिहायची गरज काय?

कारण ते विशेषण प्रबंधात राहत नाही. ते बचत गटाच्या पाकिटावर जातं, तिथून अंगणवाडीच्या मेळाव्यात. आणि एखादी गरोदर बाई "लाडू खातेय की रोज" म्हणून लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवू शकते. आपल्या एका न तपासलेल्या शब्दाची किंमत अशी दुसरंच कुणी मोजतं.

मग एम.एस्सी.च्या लॅबमध्ये करता काय येईल?

"काको-टू पेशी आणणार कुठून?" हा प्रश्न बरोबर आहे. माणसांवर प्रयोग करायचा तर एथिक्स कमिटीची मंजुरी, रक्ताचे नमुने, महिनोन् महिने. एका सेमिस्टरात ते होत नाही. पण मधला रस्ता आहे आणि तो आपल्याच देशातला आहे. एनआयएनमधल्या नरसिंग राव आणि प्रभावती यांनी १९७८ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. नमुना पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात, पीएच १.३५ ला ठेवायचा, म्हणजे जठरासारखी परिस्थिती. मग पीएच ७.५ वर न्यायचा, आतड्यासारखा. शेवटी द्रावणात आयन स्वरूपात किती लोह उरलं ते रंग देणारं रसायन घालून मोजायचं. इन्क्युबेटर, पीएच मीटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर. आपल्या बहुतेक विभागांत हे असतं. अमेरिकेत मिलर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये डायलिसिसची पिशवी वापरून अशीच पद्धत मांडली.

या पद्धती "शरीरात अमुक मिलिग्रॅम शोषलं जाईल" असं सांगत नाहीत. त्या क्रम लावतात: या दोन पदार्थांत, या दोन कृतींत कुठली बरी. एम.एस्सी.च्या प्रश्नासाठी तेवढं पुरेसं असतं.

आता हाच प्रश्न कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला लावून बघा. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. घेवड्यात लोह आहे, फायटेट आहे, ट्रिप्सिनला अडवणारे घटक आहेत, आणि कच्चा राहिला तर त्रास देणारं लेक्टिनही आहे. घरोघरी तो भिजवतात, कुकरला लावतात, कुणी मोड आणतात, वरून लिंबू पिळतात. या चार कृतींत आयन स्वरूपातलं लोह कसं बदलतं? फायटेट किती उतरतं? सोबत भाकरी घेतली तर? जेवणावर चहा घेतला तर? नवीन पदार्थ एकही तयार झाला नाही, तरी उत्तर उद्या सकाळी कुठल्याही स्वयंपाकघरात वापरता येईल.

हे आपल्याकडे आधी झालेलं आहे

हे फार आधुनिक किंवा परदेशी वाटत असेल तर कमला सोहोनींचं काम वाचा. माहेरच्या कमला भागवत. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला, त्यांनी तो हट्टाने मिळवला. तिथे दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केली. तीन वर्षांनी केंब्रिजची पीएच.डी. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांतल्या ट्रिप्सिन अडवणाऱ्या घटकांवर आणि नीरेवर काम केलं.

नीरेत काय काय आहे याचा तक्ता करून त्या थांबू शकल्या असत्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिली तर तब्येत सुधारते का? रासायनिक विश्लेषणापासून माणसापर्यंत जाणारा हा रस्ता साठ-सत्तर वर्षांपूर्वी मराठी बाईने चालून दाखवलाय. आपला साचा त्या रस्त्यावर पहिल्याच थांब्याला उतरतो.

विषय मांडायला जाण्याआधी

गाईडसमोर बसण्याआधी एका कागदावर एवढं लिहा:

१. मी घालणार असलेल्या पदार्थातून एका वेळच्या खाण्यात नेमका किती पोषक घटक मिळेल? तो शिफारशीच्या किती टक्के आहे?

२. त्या घटकाला अडवणारं आणि मदत करणारं माझ्या पदार्थात आणखी काय आहे? मी ते मोजणार आहे का?

३. चाखणारे आणि खाणारे एकच आहेत का?

४. माझा निष्कर्ष "नाही, उपयोग होत नाही" असा आला तरी प्रबंध उभा राहील का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टी-टू दरवेळी जिंकतं, कारण हरायची सोयच ठेवलेली नसते. ज्या प्रयोगात हरणं शक्य नाही, त्याला प्रयोग म्हणावं का, हे तुम्हीच ठरवा. पीएच.डी.च्या मुलाखतीत एम.एस्सी.च्या कामावर प्रश्न येतात तेव्हा "बेदाण्यातलं लोह अपेक्षेपेक्षा कमी सुटं झालं, आणि मोड आणल्यावर घेवड्यातलं वाढलं" असं सांगणारा विद्यार्थी वेगळा उठून दिसतो.

शेवटी शीर्षकातलं एकेक विशेषण घ्या. लोहसमृद्ध, पौष्टिक, आरोग्यदायी. प्रत्येकासमोर ते सिद्ध करणारी चाचणी लिहा. जिथे चाचणी सुचणार नाही, ते विशेषण खोडून टाका. जे उरेल, तो तुमचा विषय.